हॉलमधली शाळा : एकाच खोलीत घर आणि अभ्यास कसा बसवावा



होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा कायद्याचा असतो आणि दुसरा अभ्यासक्रमाचा. तिसरा प्रश्न जरा संकोचून येतो, "पण मुलांना बसवायचं कुठे?" क्युपर्टिनोत तर हाच प्रश्न सगळ्यात अवघड. इथली घरभाडी सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, हॉल, डायनिंग आणि किचन एकमेकांत मिसळलेलं. त्याच हॉलमध्ये सोफा, टीव्ही, देव्हारा, धाकट्याची खेळणी, कुणाचा तरी लॅपटॉप आणि वर्षातले काही महिने भारतातून आलेले आजी-आजोबा. अमेरिकन पुस्तकांत दाखवतात तशी वेगळी 'स्कूल रूम' आपल्यापैकी फार थोड्यांकडे असते.

एक गोष्ट आधीच बोलून टाकू. क्युपर्टिनोत लोक येतात तेच मुळी इथल्या सरकारी शाळांसाठी, आणि भाडं भरतात तेही त्यासाठीच. मग इथे राहून मूल घरी शिकवायचं म्हणजे नातेवाइकांना कोडंच पडतं. कारणं घराघरांत वेगळी असतात. कुणाच्या मुलाला स्पर्धेचा ताण सोसत नाही, कुणाची तब्येत नाजूक असते, कुणाला वर्षभरात भारतात परतायचं असतं, कुणाचं मूल एका विषयात फार पुढे आणि दुसऱ्यात मागे असतं. त्या कारणांची चर्चा या लेखात नाही. निर्णय झाला असं धरून जागेचं काय करायचं, एवढंच इथे पाहू. (आणि निर्णय कायमचा असेल तर हेच भाडं इथे भरायचं की नाही, याचाही हिशेब जरूर मांडा!)

सामायिक खोलीतल्या शाळेचं मर्म माझ्या मते एकच आहे : ती रोज उघडता आली पाहिजे आणि रोज मिटता आली पाहिजे. टेबल, फळा, नकाशे हे सगळं त्यानंतर. जी शाळा मिटत नाही, ती दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर येते. आधी आजींच्या, मग बाबांच्या आणि शेवटी जी शिकवते तिच्या.

कायदा जागेबद्दल काय म्हणतो

थोडक्यात सांगायचं तर जागेबद्दल फारसं काही म्हणत नाही. कॅलिफोर्नियात ६ ते १८ वर्षं वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं आहे. घरी शिकवणारे बहुतेक पालक स्वतःच्या घराची खाजगी शाळा म्हणून नोंद करतात. त्यासाठी दरवर्षी १ ते १५ ऑक्टोबर या काळात राज्याच्या शिक्षण खात्याकडे 'प्रायव्हेट स्कूल ॲफिडेव्हिट' भरायचं असतं. वर्षाच्या मधेच मुलाला शाळेतून काढलं तर ते नंतरही भरता येतं. मात्र आधी हे भरून मग शाळेला कळवावं, म्हणजे मधले दिवस विनापरवानगी गैरहजेरीत धरले जात नाहीत. ॲफिडेव्हिट भरणं म्हणजे सरकारने शाळेला मान्यता दिली असा अर्थ नाही. ती फक्त नोंद असते, आणि त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. पाच किंवा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांची नावं खात्याच्या जाहीर यादीत येत नाहीत, त्यामुळे तुमच्या घराचा पत्ता त्या यादीत झळकेल ही भीती नको.

हे कायद्याचं कलम नेहमीच इतकं निर्धास्त नव्हतं. फेब्रुवारी २००८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने एका प्रकरणात असा निकाल दिला की शिकवण्याचं प्रमाणपत्र नसलेल्या पालकांना घरी शिकवता येणार नाही. राज्यभर खळबळ उडाली. त्याच न्यायालयाने फेरसुनावणी घेतली आणि ८ ऑगस्ट २००८ रोजी निकाल बदलला. खाजगी शाळा या नात्याने घरी शिकवणं कायदेशीर आहे, हे तेव्हापासून स्पष्ट झालं आहे.

जागेच्या दृष्टीने कामाच्या गोष्टी या. खाजगी शाळा म्हणून शिकवताना दिवसांची किंवा तासांची किमान संख्या ठरवून दिलेली नाही. वर्षाला १७५ दिवस, रोज तीन तास आणि तेही सकाळी ८ ते दुपारी ४ च्या दरम्यान, ही अट प्रमाणपत्रधारक खाजगी शिक्षक ठेवण्याच्या वेगळ्या मार्गाला आहे, ती आपल्याला लागू नाही. म्हणजे शाळा साडेनऊला सुरू झाली तरी चालते, आणि गणपतीत पाच दिवस बंद राहिली तरी चालते. शिकवण्याची भाषा इंग्रजी असली पाहिजे. मराठी हा विषय म्हणून हवा तेवढा शिकवा. पहिली ते सहावीसाठी इंग्रजी, गणित, समाजशास्त्र, विज्ञान, कला, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हे विषय अपेक्षित आहेत. हजेरीपत्रक ठेवावं लागतं, त्यात अर्ध्या दिवसाची किंवा त्याहून अधिक गैरहजेरी लिहायची असते. अभ्यासक्रमाची रूपरेषा आणि शिकवणाऱ्याचं नाव, पत्ता, शिक्षण हेही कागदावर हवं. ही कागदपत्रं कुणाच्या ताब्यात आणि कुठे आहेत, हे ॲफिडेव्हिटमध्ये विचारतात. म्हणून एक बॉक्स फाइल वरच्या फळीवर आजच ठेवा. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. तुमच्या हॉलमधलं हे एक रुमाल समजा, आणि ते धाकट्याच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

चार्टर स्कूलमार्फत किंवा सरकारी शाळेच्या 'इंडिपेंडंट स्टडी'मधूनही घरी शिकता येतं. तिथे शिक्षक नेमून दिलेला असतो आणि अभ्यासक्रमाची बंधनं जास्त असतात. घरातल्या जागेचा प्रश्न मात्र तोच राहतो.

आधी घराचं वेळापत्रक, मग घराचा नकाशा

फर्निचर घेण्याआधी एक आठवडा नुसतं टिपून ठेवा : हॉलमध्ये कोण, कधी, काय करतं. आपल्या घरांत यातून एक मजेदार गोष्ट हाती लागते. भारताची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे. म्हणजे तिकडे संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका चालतात तेव्हा इथे सकाळचे साडेसहा ते साडेनऊ असतात, हिवाळ्यात आणखी तासभर आधी. भारतातले फोनही याच वेळात येतात. मावशी जेवणं आटोपून निवांत झालेली असते आणि आजींना तिच्याशी बोलायचं असतं. नेमकी हीच वेळ आपण 'शाळेची' म्हणून धरतो, आणि मग टीव्हीच्या आवाजावरून कुरबूर सुरू होते.

यावर उपाय म्हणून आजींचा टीव्ही बंद करू नका. शाळा साडेनऊला भरवा. सकाळचा वेळ अंघोळ, न्याहारी, खाली पार्कात एक चक्कर आणि बेडरूममध्ये अंथरुणावरचं वाचन यात छान जातो. हल्ली बऱ्याच मालिका नंतरही पाहता येतात, हेडफोनही मिळतात, हे सगळं खरं. पण सहा महिन्यांसाठी आलेल्या सासू-सासऱ्यांना मुलाच्याच घरात दबकत वावरायला लागणं बरं नाही. कायदा साडेनऊला हरकत घेत नाही, मग आपण का घ्यावी?

दुसरी टक्कर स्वयंपाकाची. उघड्या किचनमध्ये मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या आणि वर एक्झॉस्टचा घरघराट. फोडणीच्या वेळी वाचन आणि शुद्धलेखन ठेवू नये. तेव्हा चित्रकला, मातीकाम, हाताने करायचं गणित असं काही ठेवावं. किंवा मुलालाच किचनमध्ये घ्यावं. कप आणि चमचे हे अपूर्णांकांचं उत्तम साहित्य आहे, आणि पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मराठीत शिकवायला याहून चांगली जागा नाही.

तिसरी टक्कर बाबांच्या किंवा आईच्या ऑफिसच्या मीटिंग्जची. १७ मार्च २०२० पासून बे एरियातल्या सहा काउंटींत घरीच राहण्याचा आदेश लागू झाला, तेव्हा आपण सगळ्यांनीच याचा अनुभव घेतला. एका टेबलावर तिघांचे हेडसेट! ते काही होमस्कूलिंग नव्हतं, कारण शिकवणारी बाई पडद्यापलीकडे होती आणि वेळापत्रक शाळेचं होतं. पण त्यातून एक गोष्ट बऱ्याच घरांनी उचलली : बेडरूमचं दार बंद करायचा हक्क मीटिंगवाल्याला द्यावा, मुलाला नाही. मीटिंगला बंद दार लागतं. आठ वर्षांच्या मुलाला घरातल्या कुणाची तरी नजर लागते, आणि ती हॉलमध्येच असते.

टेबल आणि बैठक

डायनिंग टेबल साधारण २९ ते ३० इंच उंच असतं आणि ते मोठ्या माणसासाठी बेतलेलं असतं. सहा-सात वर्षांचं मूल त्यावर लिहायला बसलं की खांदे कानांशी येतात आणि पाय लोंबकळतात. अर्ध्या तासात ते चुळबुळायला लागतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही! उपाय सोपा आहे. लिहिताना कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी घट्ट उशी खुर्चीवर ठेवा, आणि पावलं पूर्ण टेकतील असं काहीतरी पायांखाली. देवघरातला जुना लाकडी पाट यासाठी अगदी योग्य. एका पाटाने उंची पुरत नसेल तर दोन ठेवून पट्ट्याने बांधावेत, नुसते एकावर एक ठेवले तर सरकतात.

खाली बसून लिहायला आवडणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे आणखी जुनी सोय आहे : पेढीवर दिवाणजींसमोर असायचं तसलं उतरतं बसकं डेस्क. ते नसेल तर चौरंग. सतरंजी अंथरली की शाळा सुरू, गुंडाळली की बंद. लहान मुलाला 'इथपासून इथपर्यंत माझी जागा' हे सतरंजीने जितकं नीट कळतं तितकं टेबलाने कळत नाही. माँटेसरी पद्धतीत मूल आपलं काम एका छोट्या चटईवर मांडतं, त्यामागेही हेच आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गावच्या पंतोजींची शाळा कुणाच्या तरी ओसरीत किंवा देवळात भरायची, आणि मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. परदेशी महागड्या साहित्याऐवजी बिया, पानं, शिंपले असं आसपासचं साहित्य वापरलं. दुसऱ्याच्या अंगणात शाळा भरवायची तर पसारा काढायचा आणि आवरून परत न्यायचा, हे ओघानेच आलं. हॉलमध्ये शाळा मांडणाऱ्याने एकदा तरी ताराबाईंची आणि अनुताईंची माहिती वाचावी असं मला वाटतं. पुष्कळ धीर येतो.

टेबलाबद्दल शेवटची गोष्ट खास कॅलिफोर्नियाची : मूल ज्याच्याखाली शिरू शकेल असं भक्कम टेबल जवळ हवं. क्युपर्टिनोच्या मागच्या डोंगरांतून सॅन अँड्रियास भ्रंश जातो. १७ ऑक्टोबर १९८९ चा लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप इथून फार लांब नव्हता. शाळांत भूकंपाचा सराव होतो, तो घरच्या शाळेतही व्हायला हवा : खाली बसा, टेबलाखाली जा, पाय घट्ट धरा. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी 'ग्रेट शेकआउट' नावाचा सामूहिक सराव असतो, तो दिवस सोयीचा. याच कारणासाठी काचेचं टेबल अभ्यासाला नको. पुस्तकांचं उंच कपाट भिंतीतल्या लाकडी खांबाला पट्टीने बांधून टाका, आणि मूल बसतं त्या जागेच्या वर जड फ्रेम किंवा फुलदाणी ठेवू नका. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मॅनेजरला लेखी विचारावं. परवानगी मिळेना तर उंच कपाट घेऊच नका, कमरेएवढी दोन कपाटं शेजारी शेजारी ठेवा.

शाळा मिटायची कशी

रोज संध्याकाळी दहा मिनिटांत सगळं आवरलं गेलं पाहिजे, आणि ते मुलाला स्वतःला जमलं पाहिजे. ही कसोटी लावली की काय विकत घ्यायचं आणि काय नाही, हे आपोआप ठरतं.

बहुतेक अपार्टमेंटमध्ये मुख्य दाराशी कोट टांगायचं एक छोटं कपाट असतं. आपले कोट असतात चार, बाकी जागा जुन्या बॅगांनी भरलेली. त्या बॅगा गॅरेजमध्ये किंवा पलंगाखाली घाला, कोट बेडरूममध्ये हलवा, आणि कपाट शाळेला द्या. दाराच्या आतल्या बाजूला फळा, आत तीन-चार फळ्या. दार लावलं की शाळा दिसेनाशी. कपाट देता येत नसेल तर ईस्ट पालो आल्टोच्या आयकियात मिळते तसली चाकाची तीन मजली ट्रॉली घ्या. वरच्या मजल्यावर आजची पुस्तकं, मधे वह्या-पेन्सिली, खाली कलेचं साहित्य. रात्री ती ढकलून बेडरूमच्या कोपऱ्यात. उघडं शेल्फच असेल तर त्यावर जुन्या साडीचा पडदा लावा. सुती इरकल किंवा नारायणपेठ असेल तर हॉलची शोभाही वाढते.

विषयवार डबे करण्यापेक्षा मुलावार करावेत, असं माझं मत. दोन मुलं असतील तर प्रत्येकाचं एक दप्तर, एक फळी, एक रंग. 'माझं गणित कुठे गेलं?' या शोधात सकाळचा निम्मा वेळ जातो, आणि त्याचं कारण बहुधा धाकटा असतो.

तरीही एक जागा अशी ठेवा की जी कधीच आवरली जात नाही. अर्धवट राहिलेलं चित्र, उमलत असलेलं मुगाचं रोप, चालू असलेला पत्त्यांचा किल्ला. एक फळी, खिडकीची कड किंवा एखादा मोठा ट्रे पुरतो. सगळं रोज पुसून टाकायला लागलं की मूल मोठं काही सुरूच करत नाही. पाहुणे आले तरी ट्रे तसाच उचलून पलंगाखाली जातो आणि उद्या तसाच परत येतो.

फळ्यासाठी भिंतीत खिळे ठोकायची गरज नाही. बेडरूमच्या कपाटांना आरशाची सरकती दारं असतात, त्यांवर व्हाइटबोर्डच्या पेनने लिहिता आणि पुसता येतं. पॅटिओच्या काचेवरही येतं. पाढे आरशावर लिहिले की दात घासतानाही नजर पडते!

उजेडाचं एवढंच सांभाळा : उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली अक्षरावर पडते. डावखुऱ्याला उलट. पश्चिमेला पॅटिओ असेल तर इथलं दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणून लिहिणं सकाळी आटोपावं.

धाकटा, आजोबा आणि शिकवणारी

दोन वर्षांचं भावंड हाताशी असेल तर शिकवण्याच्या सगळ्या योजना अर्ध्यावर येतात. एक युक्ती बऱ्याच घरांत चालते : खेळण्यांचा एक डबा फक्त शाळेच्या वेळातच उघडायचा, दुपारी परत बंद. नवलाई टिकते. मणी, चिंचोके, गोट्या असं गणिताचं साहित्य असेल तर कुंपण लहानग्याभोवती घालण्याऐवजी थोरल्याच्या जागेभोवती घाला. थोरला आत मणी मोजतो, धाकटा बाहेर सुरक्षित राहतो. खाली पडलेला प्रत्येक मणी उठण्याआधी मोजून परत आला पाहिजे, हा नियम कडक ठेवावा.

आजी-आजोबांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना सहसा सहा महिने मिळतात. त्या सहा महिन्यांत हॉल त्यांचीही खोली असते. पुष्कळदा झोपायचीही. 'नातवाला शाळेत का घालत नाही?' ही काळजी त्यांना असते आणि ती खरी असते. त्यांच्या पिढीने मुलांना शाळेत घालण्यासाठी काय काय केलंय ते आपण जाणतो. त्यांना पहिल्या आठवड्यातच ॲफिडेव्हिटची प्रत, हजेरीपत्रक आणि मुलाच्या वह्या दाखवा. सूनबाईंनी दाखवण्यापेक्षा मुलाने आपल्या आई-वडिलांना दाखवलेलं बरं. निर्णय दोघांचा आहे हे न सांगता कळतं.

त्यांची खुर्ची ठरवून द्या आणि ती अभ्यासाच्या टेबलाला लागून नको. जवळ बसलेल्या माणसाला उत्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजोबा असोत की आणखी कुणी! जेवणानंतर दीड ते तीन त्यांची वामकुक्षी. तेव्हा हॉलमध्ये मुलांनी गुपचूप वाचावं किंवा लायब्ररीत जावं. आजोबांना शिकवायची हौस असेल तर त्यांना त्यांचा तास द्या : पाढे, पावकी-निमकी, मराठी वाचन, त्यांच्या गावचा नकाशा. पण आधी विचारा. इथे विश्रांतीला आलेल्या माणसाला गृहीत धरून शिक्षक करू नये. आणि सहा महिन्यांनी ते परत जाणार आहेत, तेव्हा सगळं मराठी त्यांच्यावरच टाकलं तर त्यांच्याबरोबर तेही विमानात बसतं.

शिकवणारी बहुतेक घरांत आई असते. कधी बाबा असतात, पण अजून थोडेच. जिच्या हॉलची शाळा होते, तिला घरात स्वतःची अशी जागा उरत नाही. सोफ्यावर टेकलं तरी समोर न तपासलेल्या वह्या. शाळा मिटण्याचा नियम मुलांपेक्षा तिच्यासाठी जास्त आहे. चार वाजले की ट्रॉली आत, आणि संध्याकाळी अभ्यासाचा विषय बंद. आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या कुणीतरी शाळा चालवावी, मग ती बाबांची शनिवारची का असेना. कायद्याला शनिवारची हरकत नाही.

सणवार, पाहुणे आणि खालचा शेजारी

गणपतीचं मखर बहुधा त्याच कोपऱ्यात बसतं जिथे शाळा असते. उजेड तिथेच चांगला असतो ना! यात भांडण नको. त्या दिवसांपुरती शाळा डायनिंग टेबलावर न्या किंवा सुट्टी द्या. मखराची मापं घेणं, कागद कापणं, आरतीचे शब्द वाचणं हे त्या दिवसांचं गणित आणि मराठी. हळदीकुंकू, भजन, पॉटलक यांसाठी आदल्या रात्री ट्रॉली आत गेलेली असली की पुरे.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर दोरीवरच्या उड्या आणि कवायत हॉलमध्ये नको, खालच्या शेजाऱ्याशी संबंध बिघडतात. शारीरिक शिक्षणासाठी अंगण नसलं तरी गाव आहे. एवढ्याशा हॉलमध्ये शाळा चालते ती निम्मी बाहेर भरते म्हणूनच. टॉरे अव्हेन्यूवरची लायब्ररी सगळ्यात जवळची. 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी'च्या पुस्तकविक्रीत मुलांची पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण लायब्ररीची पुस्तकं परत जातात आणि विकत घेतलेली घरात राहतात, हे हॉलचा आकार आठवून ठरवा. मॅक्लेलन रँचला ओढ्याकाठची झाडं-पक्षी आहेत, रँचो सॅन अँटोनिओतल्या डीअर हॉलो फार्मला गाई-शेळ्या दिसतात, डी अँझा कॉलेजच्या आवारात फुजित्सू तारांगण आहे, आणि क्विनलन सेंटरमध्ये गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय. शाळेच्या वेळात मुलं बाहेर दिसली की कुणी विचारतंही. भरलेल्या ॲफिडेव्हिटची प्रत पर्समध्ये असावी.

खरेदी पहिला महिना टाळा. पाट, चौरंग, सतरंजी, कोटांचं कपाट आणि लायब्ररीचं कार्ड यावर महिनाभर चालवून बघा. मग ज्याची रोज अडचण होते तेवढंच आणा. व्हाइटबोर्ड आणि शाळेसारखी बाकं घेणारी घरं दिसतात, आणि सहा महिन्यांनी तीच बाकं पॅटिओवर उन्हात दिसतात.

मूल सातवी-आठवीत गेलं की मांडणी बदलावी लागते. त्याला दार हवं असतं, आणि ते योग्यच आहे. तेव्हा बेडरूमचा एक कोपरा त्याला द्यावा आणि हॉलमध्ये फक्त एकत्र करायचा अभ्यास ठेवावा. पुढे सरकारी हायस्कूलमध्ये घालायचा विचार असेल तर घरी केलेल्या विषयांचे क्रेडिट तिथे धरले जातीलच असं नाही, म्हणून आठवीतच चौकशी करून ठेवा. सरकारी शाळेत परत गेल्यावर पुढच्या ऑक्टोबरला, घरी दुसरं कुणी शिकत नसेल तर, ॲफिडेव्हिट भरायचं नाही. बॉक्स फाइल मात्र टाकू नका, नवी शाळा जुने कागद मागू शकते. कोटांच्या कपाटातली खालची फळी धाकट्याच्या नावे करा, वरच्या फळ्यांवर कोट परत जाऊ देत.